रिफ्कीची पाठ

आम्ही गोलामागे बसतो. तिकीट स्वस्त,
काळ्या समुद्राचा वारा फुकट,
वर गोलकीपरच्या मानेवरचा घामही दिसतो.
एकोणीस वर्षं मी एकाच माणसाची पाठ बघतोय.
बायको म्हणते, माझं तोंड तरी इतकं बघितलंस का कधी?

रिफ्की आला तेव्हा बावीसचा होता.
तिसऱ्या बोगद्याच्या फोरमनचा धाकटा, कान बाहेर आलेले.
पहिल्याच मोसमात राजधानीचा संघ
आमच्या चिखलात नव्वद मिनिटं घसरत राहिला
आणि जेव्देतने बियांची टरफलं थुंकून निकाल दिला:
"ही भिंत आहे, भिंत."
त्या वर्षी गावात तीन पोरांची नावं रिफ्की ठेवली.
त्यातला एक आज माझ्या हाताखाली
खाणीच्या दिव्यांच्या खोलीत काम करतो
आणि म्हणतो, त्या म्हाताऱ्याला आता बसवा घरी.

मतं काय, चहाच्या पेल्यासारखी. गरम तोवर हातात धरवत नाहीत,
गार झाली की कुणी विचारत नाही.
ओला चेंडू सुटला, तर हातांना लोणी लावलंय.
पुढच्या रविवारी पेनल्टी अडवली, तर
कोण रे तो लोणी म्हणणारा?
गुडघा फाटला: संपला.
परतला: आम्ही म्हणालोच होतो.
त्याच्या बायकोने फर्निचरचं दुकान काढलं
आणि दोन गोल खाल्ले,
तर म्हणे याचं चित्त सोफ्यात.
(सोफा मीही तिथूनच घेतला. हप्त्याने.)

एकच रविवार असा गेला
की त्याच्याबद्दल आम्हाला मतच नव्हतं.

त्या आठवड्यात तिसरा बोगदा बसला होता.
सोमवारी सकाळी मीच दिवे वाटले,
सत्तावीस नंबर त्याच्या बापाच्या हातात दिला,
बिल्ला खिळ्याला अडकवला.
संध्याकाळी दिवे परत आले. मी मोजले. पुन्हा मोजले.
रविवारी रिफ्की खेळला. खेळू नको म्हणायची कुणाची छाती?
चार गोल खाल्ले त्याने, चारही सरळ अंगावरून,
आणि गोलामागे कुणी ब्र काढला नाही.
जेव्देतसुद्धा टोपी मांडीवर घेऊन बसला.
प्रत्येक गोलानंतर रिफ्की जाळ्यातून चेंडू काढायला वळायचा,
आमच्याकडे बघायचा,
आणि आम्ही खाली बघायचो.

त्याला बारा वर्षं झाली.

यंदा क्लबने नवा गोलकीपर आणला,
सहा फूट चार इंच, हातमोजे चमकते.
पोरगा चांगला आहे, खोटं कशाला बोला.
पण तो ओरडत नाही.
रिफ्की नव्वद मिनिटं ओरडायचा, डावीकडे, मागे,
अरे झोपलास का, त्याच्या आईच्या...
घसा बसला की सोमवारी दुकानात
गिऱ्हाइकाला किंमत खुणेने सांगायचा.
हे आम्हाला तो बाकावर गेल्यावर ऐकू आलं.

काल मोसमाचा शेवटचा सामना. हरलो काय, जिंकलो काय, सारखंच.
ऐंशीव्या मिनिटाला त्याला उतरवला, निरोपाचा म्हणून.
सगळे उभे. टाळ्या. कुणीतरी फुलंही फेकली.
सहा मिनिटांनी एक मरतुकडा चेंडू घरंगळत आला,
माझ्या नातीनेही पायाने थोपवला असता,
आणि त्याच्या दोन पायांमधून आत गेला.

आम्ही काहीच बोललो नाही.
निरोपाचा दिवस, वय, मान ठेवायला नको का...
अख्खा स्टँड सभ्य होऊन बसला.
रिफ्की वळला. जाळ्याशी वाकला, पण चेंडू उचलला नाही.
आमच्याकडे बघत राहिला.
ती नजर मला ओळखीची होती. खिळ्यावर लटकलेला बिल्ला आठवला.
मी जेव्देतला कोपराने ढोसलं.

जेव्देत उठला, एक्काहत्तर वर्षांचा, दमेकरी,
आणि त्याने रिफ्कीला, त्याच्या हातांना,
त्याच्या सोफ्यांना आणि सोफ्यांच्या चारही पायांना
अशी शिवी घातली
की शेजारची बाई कानावर हात ठेवून हसायला लागली.

रिफ्कीच्या खांद्यांतला ताण गेला. पाठ मला पाठ आहे, मला कळलं.
त्याने चेंडू उचलला, मधल्या रेषेकडे भिरकावला
आणि बचाववाल्यांवर ओरडायला सुरुवात केली.